एकच वायर

कुडतरीच्या हॉलात दुपारी तीन वाजता
तीन पियानो मांडले आम्ही ओळीनं, लोखंडी घोड्यांवर.
फेस्ताला दोन दिवस होते.
पंखे मुद्दाम बंद ठेवलेले,
बाहेर कोणीतरी मांडवाचे बांबू टाकत होतं
तेवढाच ठोका.

आग्नेला कुलासोनं फ्रॉकला हात पुसले
आणि जपान्यासमोर बसली.
हा मडगावहून भाड्यानं आणलेला,
टेम्पोत रजई गुंडाळून,
वळणावर मी त्याला हातानं धरून.
हेडफोन लावून तिनं दोन पानं वाजवली, डोळे मिटून.
"आत कोणीतरी लाकडाची खोली बांधलीय रे," म्हणाली,
"हातोडी मागं बसते तो थप्‌सुद्धा आहे."
मीही ऐकलं. उजवा कप कानाला लावून.

दुसरा लाल पाठीचा.
वरच्या सुरांना विळीची धार.
तियात्राच्या कांतारात ट्रम्पेटच्या डोक्यावरून जाईल,
पण संथ काही वाजवायला घेतलं
की प्रत्येक सूर आपलं नाव सांगतो, मोठ्यानं.

तिसरा माझा. बारा वर्षांचा.
पट्ट्या हलक्या, पॅडलला काळी टेप,
एक 'ला' मनात असेल तर बोलतो.
"हो पियानो न्हय रे, पेटी!" आग्नेला हसली.
हसू दे.
बांदोड्याच्या जत्रेत ऑर्गनवाले आले नव्हते,
तेव्हा रात्री दोनपासून उजाडेपर्यंत
पाच अंकांना ह्यानंच सूर धरला होता.

तिला एक सांगितलं नव्हतं.
कोणालाच नाही.
माझा डावा कान गेलाय.
मॉनिटरशी वाकून वायर बघत होतो,
कोणाच्या तरी बोटानं खटका पडला,
आणि एक शिट्टी.
अजून आहे ती, आत, बारीक,
कोमल निषादाच्या किंचित खाली.
तेव्हापासून लग्नाकार्यात मी भिंतीला डावा खांदा लावून उभा असतो.
लोकांना वाटतं, माणूस मानी आहे.
लोक विचारतात, कुठला घेऊ?
मी सांगतो. ते घेतात.

चारला सगळं हॉलाच्या स्पीकरना जोडलं.
जपानी वाजला
आणि आग्नेलाची मान वर झाली.
"कितें जालें ह्याका?"
नारळ हलवून बघावा आणि पाणीच नसावं, तसा.
मधला सगळा गर गायब,
वर काचेची किणकिण, खाली गुरगुर.
तिनं पुन्हा वाजवलं. हळू. मग जोरात.
माणूस बदलला की आवाज बदलेल अशा आशेनं
मलाही बसवलं एकदा.

हॉलाला डावं-उजवं नसतं.
सहा स्पीकर, सगळे एकाच तारेवर.
दोन माइकांनी टिपलेला एकच सूर
त्या तारेत समोरासमोर येतो,
एकाची उसळी दुसऱ्याच्या खळग्यात पडते
आणि सपाट.
हे मी तिला बोटांनी हवेत काढून दाखवलं.
"मग पैसे गेले?" तिनं विचारलं.

मी पियानोच्या मागे गेलो, गुडघ्यावर.
डावी वायर उपटली.
"आता."

खोली गेली होती. ती लाकडाची, हेडफोनमधली.
पण तिनं खालचा 'दो' दाबला
आणि तो उभा राहिला हॉलात, अंगासकट,
खांबासारखा, एकाच जागी.
मांडवाचे बांबू टाकणारा दारात येऊन थांबला.
आग्नेला काही बोलली नाही.
तासभर वाजवत राहिली,
आणि मी खाली केबलांच्या ढिगात बसून ऐकलं
जे ती ऐकत होती
अगदी तेच.
अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणाशी बरोबरीनं.

फेस्ताच्या रात्री सहाशे माणसं, पंखे चालू,
पोरं खुर्च्यांखालून धावताहेत,
मासळीच्या भावावरून मागं भांडण.
पियानो पोचला. मागच्या बाकापर्यंत.

सामान आवरताना ती माझ्या डावीकडे येऊन काहीतरी म्हणाली.
मी मान हलवली, हलवतो तशी.
ती थांबली.
मग पियानोला वळसा घालून उजवीकडे आली
आणि पुन्हा म्हणाली,
मघाच्याच आवाजात,
"पट्ट्या पुसायला फडकं दी."