साताचं पोट

सांब्रा मागे पडलं, भात संपलं,
काळ्या रानात जोंधळा कमरेला आला.
रत्नप्रभाची जुनी ओम्नी,
तिला अजून खव्याचा वास.
आधीचा मालक कुंदा पोचवायचा दुकानांना.

आम्ही निघालो होतो फुलं बघायला.
आम्ही म्हणजे मी आणि ती.
तिच्या वहीत यादी :
तरवड, कवला, सीतेची आसवं,
आणि कातळाच्या भेगेतलं एक जांभळं,
त्याच्या नावापुढे नुसती रेघ.
भरमूकाका आले ते
गाडीत जागा आहे म्हणून,
मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन.

नेसरगीच्या अलीकडे म्हणाले,
"थांब की गं जरा."
वाटलं, आडोसा शोधतायत.
तर ते उकिडवे बसलेले
रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडापुढे.
किल्लीनं रंग खरवडत होते,
पांढऱ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा,
आणि मग काळा, वळणदार, एक सात.

"ह्यो माझा.
साताचं पोट असं कुणाला जमायचं न्हाई."

एकतीस वर्षं बांधकाम खात्यात, हातात ब्रश.
एका बाजूला कानडी आकडा, दुसऱ्या बाजूला आपला.
दोन्ही त्यांचेच.
"आन् मिटवला कुणी, काका?"
"मीच की.
ऑर्डर आली. एका दिवसात बावीस दगड."
मग किल्ली विजारीला पुसली
आणि दशमी काढून दिली आम्हाला एकेक.

यरगट्टीपर्यंत चार वेळा थांबलो.
रत्नप्रभा घड्याळ बघायची,
ऊन चढलं की कातळावरचं बारकं फूल मान टाकतं.
पण बोलली नाही.

मुनवळ्ळी सोडली आणि जमिनीनं कूस बदलली.
काळं गेलं, तांबडं आलं, मग नुसता दगड.
दोन्ही कडांना तरवड,
इतका पिवळा की गाडीच्या टपाखाली
आमच्या हातांवरही थोडा पडला.
पुढे मलप्रभेनं चिरलेला डोंगर,
थरावर थर, वाकळा रचून ठेवाव्यात तसा,
आणि सगळ्यात वर एक धोंडा,
बसल्या बसल्या डुलकी लागलेला.

शेळ्यांमागचा पोरगा जवळ आला.
"एन नोडाकत्तीरी?"
"हूव," काका म्हणाले.
पोरगा हसला. तरवडाकडे हात केला,
"आवरिके. आडू तिन्नंगिल्ल."
शेळ्या खात नाहीत, काकांनी सांगितलं,
म्हणून तर एवढं उरलंय.
रत्नप्रभानं यादीत तरवडाशेजारी लिहिलं : आवरिके.
कवला दिसला नाही.
आसवं सुकून गेली होती.
जांभळं सापडलं, बोटाच्या पेराएवढं,
फोटोत मात्र माझाच अंगठा आला.

काका कड्यापाशी उभे.
तळहात टेकला, फिरवला,
पंधरा पावलं मागं आले, एक डोळा मिटला.
"दोन हात लागतील," म्हणाले,
"प्रायमर धरून तीन."
पुन्हा बघत राहिले.
"पण लिवायचं काय?
हितनं कुठलं गाव किती, हे कुणाला ठावं?"
धोंड्याची सावली त्यांच्या टोपीवर आली
तेव्हा कुठे हलले.

परतताना अंधार.
काका झोपले, रिकामा डबा
वळणावळणाला वाजत होता.
नेसरगीच्या पुढे हेडलाइटमध्ये
ती खरवडलेली जागा दिसली, तळहाताएवढी.
रत्नप्रभानं गाडी हळू केली,
थांबवली नाही.