तीन नंबर

अकरा वर्षं मी या बर्फाला पाठीमागून ओळखतो.
मॉलच्या छतावर शेहेचाळीस डिग्री,
हातात पाना, मानेवर ओला पंचा,
आणि बुटांखाली, दोन वीत जाड पॅनेलच्या आड,
उणे दोन.
रात्री तोफांतून उडतो तो आम्हीच उडवतो.
सकाळी खरवडून काढलेला, कळकट,
मागच्या दारानं पाणी होऊन जातो.
त्याच्यावर उभा मात्र कधी राहिलो नव्हतो.

यंदा कंपनीनं बोनसऐवजी पास दिला.
एक तास, बूट-जाकिटासकट.
हातमोजे तेवढे विकत : पंचवीस दिरहॅम.
रुपयात किती, हा हिशेब मी मुद्दाम अर्धवट सोडला.

शिकवणारी रोवेना, बोहोलची.
तिच्या बेटावर बर्फ फक्त मासळीखाली असतो, म्हणाली.
मग न सांगता मागून येऊन
तिनं मला पाठीत ढकललं.
उजवा पाय पुढं पडला.
"म्हणजे तुमचा उजवा पुढं," तिनं नोंद केली.
एकोणपन्नास वर्षांत
ही चौकशी कुणी केली नव्हती.

आमच्या सावद्यात पाय घसरला म्हणजे
घराण्याचं नाव गेलं.
ओट्यावरच्या बायका आवाज खाली आणायच्या.
इथं घसरण्याचे तासावर पैसे घेतात
आणि न घसरेल तो नापास.

"टाचेवर या."
बाई, टाचा घासण्यातच तर हयात गेली,
एजंटाच्या जिन्यात, व्हिसाच्या खिडकीपुढं,
अल कूझच्या खोलीत चौघांत एका नळाशी.
टाचेवर मी सरळ खाली सरकलो,
फळीची कड खरवडत,
बाहेरून कुणी ढकलत असलेलं दार
आतून पाय रोवून धरावं तसा.
तिनं टाळ्या वाजवल्या.
"आता चवड्यावर."

चवड्यावर म्हणजे उताराकडं पाठ.
जायचं तिकडं बघायचं म्हणे,
आणि जायचं तर पाठीमागं!
मी आपटलो. गुडघ्यांवर, मग कोपरावर,
मग असा की दात वाजले
आणि हेल्मेटमधून माझंच 'आई गं'
मलाच परत ऐकू आलं.
मुठी मिटून पडा, ती सांगत होती, मनगट मोडतं.
मुठी मिटून पडलो.
शेंबडं एक पोर, सहा वर्षांचं असेल,
बाजूनं सुळकन गेलं, जाता जाता
"यल्ला, अंकल!"

सहाव्यांदा उठलो, टाचेवर सरकू लागलो,
तेव्हा ऐकू आलं.
स्पीकरवरच्या गाण्याखाली, पोरांच्या किंकाळ्यांखाली,
भिंतीपलीकडं तीन नंबरचा कॉम्प्रेसर,
रिकामं जातं फिरवल्यासारखा घरघरत.
बेअरिंग.
आठवडा काढेल. फार तर दहा दिवस.
कान तिकडं वळला,
कानामागं मान, मानेमागं खांदा,
आणि खांद्यामागं, मला न विचारता,
फळी.

उताराकडं पाठ. चवड्यावर.
बर्फ कापल्याचा लांब, कोरडा आवाज,
कापडवाला ताग्यातून
चार वार टर्रकन फाडतो तसा.
चार सेकंद. पाच म्हणू या.
रोवेना काहीतरी ओरडली, तिच्या भाषेत.

मग पडलोच.

जाकीट परत केलं. बाहेर चष्म्यावर धुकं.
बसकडं न जाता मधल्या जिन्यानं
मशीनरूममध्ये गेलो, पँट गुडघ्यांवर ओली.
खुर्चीत बसवेना, तेव्हा उभ्यानंच
रजिस्टर उघडलं.
तीन नं., बेअरिंगचा आवाज, तपासणे.
वेळ : सात वाजून दहा. सही : नेहेते.
'कुठून आढळलं' या रकान्यात
एरवी आम्ही 'छत' लिहितो.
पेन थोडा वेळ तसंच धरलं,
मग लिहिलं :
उतारावरून.