हातोडीएवढी उंची

डुलुथला जानेवारीत निळे डबे फुटतात.
प्लास्टिकच ते. शून्याखाली वीस,
सरोवरावरून येणारा वारा, खिडक्यांना अजून काचा नाहीत.
खिळ्यावर माझी पहिली हातोडी पडली
आणि एक घाव, दोन तुकडे.
"साठ सेंट," मार्लिस म्हणाली.
"डबे अंगाशी ठेव, फेंग. अंड्यांसारखे."

म्हणून मी कोटाच्या आत चार डबे घेऊन फिरतो.
शिडी चढताना खडखडतो.

मार्लिस हेइकिनेन, वय एकसष्ट.
तिच्या कमरेला टेप आहे, पण ती तो काढत नाही.
हातोडी जमिनीवर उभी करते,
तिच्या डोक्यावर डबा टेकवते,
तीच प्लगची उंची.
"दांडा तीनदा बदललाय," म्हणते, "उंची तीच."

डबा लाकडाच्या अर्धा इंच पुढे.
जिप्समची पाटी पुढच्या महिन्यात येणार,
आज तिची जाडी हवेतच सोडायची.
मला पहिला आठवडाभर ते पटत नव्हतं,
नसलेल्या भिंतीशी डब्याचं तोंड जुळवायचं.
आणि वायर आत ओढून वीतभर मोकळी सोड,
तिथे कंजुषी नको,
पुढच्या माणसाचीही बोटं गारठलेली असतील.

गुरुवारी आर्डिस टॉफ्टी आली,
जिचं घर, ती.
प्लायवुडच्या उतारावरून चाकाची खुर्ची तिने स्वतःच वर आणली.
सगळं बघितलं. छान आहे म्हणाली.
पण स्विचच्या डब्यांकडे तिने मान वर करून बघितलं
आणि ते मार्लिसने बघितलं.

"डोळे मिटा," मार्लिस म्हणाली.
"रात्र आहे. तहान लागलीय. दिवा लावा."

आर्डिसचा हातमोजा हवेत उठला,
उघड्या लाकडाला टेकला.
मार्लिसने पेन्सिलने रेघ मारली.
स्वयंपाकघरात रेघ. मोरीत रेघ.
मोरीत आर्डिसला हसू आलं, डोळे मात्र मिटलेलेच.

झोपायच्या खोलीत हात डावीकडे गेला.
डावीकडे लाकूडच नव्हतं,
दोन खांबांमधली नुसती पोकळी.
हात तिथे चाचपडत राहिला.
"जुन्या घरात..." ती म्हणाली आणि डोळे उघडले.
"असू दे. शिकेन मी."

मार्लिस माझ्याकडे वळली.
"इथे एक लाकूड घाल."

मी घातलं. अकरा डबे उपटले,
त्यातले सात फुटले, चारशे वीस सेंट.
पैशांचं कोणी काही बोललं नाही.

मार्चमध्ये पाटीवाले येऊन गेले.
घर पांढरं, गुळगुळीत. आम्ही मोजायला लागलो.
त्रेपन्न डबे ठोकलेले. भिंतीत तोंडं बावन्न.
नकाशात नसलेला डबा त्यांनी खाली पुरून टाकला होता.

भिंतीला कान असतात म्हणे.
मार्लिसने आपलाच कान भिंतीला लावला,
बोटाच्या पेराने ठोकत सरकत गेली.
पोकळ. पोकळ. पोकळ.
मग जरासा बसका आवाज.
मी करवतीचं टोक खुपसलं, चुना नाकात गेला,
आणि आत निळं दिसलं,
वीतभर वायर गुंडाळून बसलेली,
मी सोडली होती तशी.

करंट यायला अजून पंधरवडा.
तरी आर्डिसने आल्या आल्या खुर्ची तिथे नेली,
डोळे न मिटताच हात डावीकडे टाकला,
खट् केलं.
खट्, पुन्हा बंद.

फुटका एक डबा माझ्या कोटाच्या अस्तरात राहिला होता.
आईला धुताना सापडला.
खिडकीत ठेवलाय तिने, सेंट पॉलच्या उन्हात,
आणि त्यात मिरचीचं बी,
वर झाकायला माझी पगाराची जुनी चिठ्ठी.