पान दोनशे बारा

बर्डीवरच्या प्रेसमधून तिसरं प्रूफ आलं
तेव्हा कूलरच्या ताट्या वाळून खडखडीत,
सत्तेचाळीस डिग्री,
आणि टेबलावर तुम्ही, यादोराव,
चारशे साठ पानं,
वर वजनाला तुमचाच अडकित्ता.

पाइपच्या घोटाळ्याला मी बेचाळीस पानं दिली.
टाकीमागच्या झुडपात सायकल लपवून
तुम्ही रात्रभर पाइप मोजत गेलात,
कागदावर सहा इंची, जमिनीत चार.
दोन इंजिनिअर आत गेले, एक मंत्री घरी बसला.
हे सगळं खरं आहे.
टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.

पान दोनशे बारा, तळटीप तीन:
'भांडारपाल श्री. एकनाथ निमजे यांचे नाव
वृत्तात अनवधानाने आले होते.'
आठ पॉइंटात. चष्मा पुसला तरी अंधुक.

अनवधानाने.
पहिल्या पानावर, पाच कॉलम, फोटोसकट.
आणि खुलासा एकोणचाळीस दिवसांनी,
सातव्या पानावर, 'भाडेकरू पाहिजे'च्या खाली,
चार ओळी.
तोवर निमजे निलंबित,
घरचा नळ बंद करून शेजारच्यांनी
दारात पाइपचा तुकडा ठेवलेला.
सही त्याची नव्हतीच.
हे तुम्हाला अकराव्या दिवशी कळलं,
मला बाराव्या.

वकील पोहनकर म्हणतात,
"अबे, सतरा चोर धरले त्यानं.
लोक चोर सोडून संन्याशाला सुळी देतात,
यानं चोरच चढवले.
एक संन्यासी चेंगरला गर्दीत,
तर काऊन त्याचंच घेऊन बसला?"

कुमुदताई, तुमची मुलगी, फोनवर म्हणते,
"बाबांना देव नको करूस.
पण त्या सतरांपैकी नऊ अजून जिवंत आहेत,
आणि वाचता त्यांनाही येतं."

दोघंही बरोबर.
दोघांच्याही घरी मी जेवलो आहे.

बेचाळीस पानं आणि एक तळटीप,
हे कुठल्या तागडीत बसतं?
निमजेला वेगळं प्रकरण दिलं
तर ते त्याला मिळतं
की माझ्या झोपेला?
आणि नाही दिलं तर उद्या कोणी
तुमच्यासारखाच पोरगा, टेप घेऊन,
माझं पुस्तक मोजायला येईल.

तुम्ही म्हणायचे, "रडगाणं नको, कागद आण."
आणला.
तुमचीच वही, निळ्या पुठ्ठ्याची, पेन्सिलीनं:
'निमजे – चूक. पाहू.'

पाहू.
या एवढ्याशा शब्दाला
किती पॉइंटचा टाइप लावू?

काल कोर्टामागच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो,
ताईसाठी एक प्रत काढायला.
पन्नाशीचा माणूस, गळ्यात ओला दुपट्टा,
पानं न बघता सरकवत होता.
दोनशे दहा. दोनशे अकरा.
मग मशीनचं झाकण उघडंच राहिलं.
त्यानं पान उचललं, दाराच्या उजेडात धरलं,
बराच वेळ.
मी भिंतीकडे पाहिलं. परवाना, काचेत:
प्रोप्रा. हेमराज एकनाथ निमजे.

"खालचं बारीक अक्षर फिक्कं येऊन राहिलं, सर,"
तो म्हणाला. "डार्क करू काय?"

मी मान हलवली.
त्यानं ते पान तीनदा काढलं.
पैसे एकाचेच घेतले,
सुटे मोजून हातावर ठेवले.

मी पायरी उतरलो नव्हतो
तोच प्रेसमधून फोन,
"प्लेट उद्या सकाळी जाते, साहेब.
दोनशे बारा तसंच ठेवायचं ना?"

दुपट्ट्यानं तो काच पुसत होता, पाठमोरा.

पाहू, म्हणालो मी.