डाव्या हाताचा हिशेब

व्हर्लीन टिब्ज तीन-तीन तासांच्या हिशेबात जगली.
तीन तास, चार गाणी, एक चेक,
चेकवर आडनाव दर वेळी वेगळं.
सिनसिनाटीत, रेल्वेयार्डाच्या मागे,
जुन्या बर्फाच्या कारखान्यातला स्टुडिओ.
जानेवारीत ती बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवायची
आणि मी, तिचा नक्कलनवीस,
दुसऱ्या व्हायोलिनचे कागद मांडीवर धरून
शाई वाळायची वाट बघायचो.

गायक यायचा, घसा खाकरायचा, म्हणायचा,
"काहीतरी रविवारच्या दुपारसारखं दे."
"जेवणाआधीची की नंतरची?" ती विचारायची
आणि उत्तरासाठी न थांबता
डाव्या हाताने नंतरची सुरू करायची.

तो डावा हात तिच्या आईचा.
आई एका हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करायची.
दाब. थांब. उचल.
"यात सगळं आलं," व्हर्लीन म्हणायची,
"बिदागी मिळते ती थांबण्याची.
दाबायला काय, कुणीही दाबेल."

बाकी वाद्यांचं ती घरी लिहायची, रात्री अकरानंतर,
स्वयंपाकाच्या टेबलावर, पियानोशिवाय,
कारण पलीकडे मुलगा झोपलेला.
पातेल्यात राजमा भिजत घातलेला,
कागदावर सहा व्हायोलिनं, दोन व्हिओला
आणि चेलो एकच, तेवढेच पैसे होते.
मध्येच खोडरबर उचलून अख्खी ओळ पुसायची:
"इथे बाई श्वास घेते.
श्वासावर कुणी वाजवायचं नाही."

सिंफनीतले वादक यायचे, ओव्हरकोट न काढता,
विचारायचे, "अरेंजर कुठाय?"
ती तेव्हा त्यांच्याच खुर्च्या मांडत असायची.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये, तिसऱ्या कडव्यात,
तिची करंगळी घसरली. शेजारची काळी पट्टी लागली.
वेळ संपलेली, टेप संपलेली,
निर्माता म्हणाला, राहू दे.
नेमकं तेच गाणं चाललं.
मग वर्षभर जो तो दारात:
"ती चूक आमच्या गाण्यातही कर ना."
ती करायची. दर तोच.
"चुकीचे जास्त मागायला हवे होते,"
एवढाच एक पश्चात्ताप मी तिच्या तोंडून ऐकला.

कव्हरवर गायकाचं नाव, निर्मात्याचं,
सँडविच आणणाऱ्या निर्मात्याच्या मेव्हण्याचंही.
तिचं नाही.
मी तडतडायचो. ती म्हणायची, "चेक वटला ना?"
पण तो चेक ती दोन दोन आठवडे
पर्समध्ये तसाच घेऊन फिरायची, हेही मी पाहिलंय.

आणखी एक, जे फक्त मला माहीत,
कारण ते उतरवून काढणारा मीच:
दुसऱ्या व्हिओलाला दर गाण्यात ती एक ओळ अशी द्यायची
जी रेकॉर्डवर कधीच ऐकू येणार नाही,
पितळी वाद्यांखाली गाडलेली,
आणि सगळ्या गाण्यात तीच सर्वांत सुंदर.
"कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.
"त्यालाही घरी जाताना गुणगुणायला
काहीतरी हवं की."

त्र्याऐंशीत एक पोरगा पेटी घेऊन आला.
एका बोटाने बटण दाबलं, वीस व्हायोलिनं वाजली.
व्हर्लीनने पेटीला सावकाश वळसा घातला, मागे वाकून बघितलं,
"यात दुसऱ्या व्हिओलावाला बसतो कुठं?"
सगळे हसले.
ती हसली नव्हती.
पुढची अकरा वर्षं ती एका अंत्यविधीगृहात वाजवायची,
तिथे तासाच्या हिशेबात नाही,
माणसामागे पैसे.

काल औषधांच्या दुकानात, छतातल्या स्पीकरवर, ते गाणं लागलं.
माझा डावा कान केव्हाच गेला,
उजवा मी छताकडे धरला.
तिसऱ्या कडव्यात करंगळी घसरली, वेळेवर.
व्हिओला नाही आला ऐकू.
काउंटरवरच्या मुलीने माझा नंबर पुकारला, दोनदा.
मी तिला बोटाने खूण केली:
थांब.