दोन बोटं

योलांदामावशीच्या फुल्वियाच्या दाराचं अस्तर
मी रविवारी सकाळी उतरवलं.
आठ क्लिपांपैकी तीन तुटल्या,
आणि तिसरी तुटताना जो शब्द माझ्या तोंडून गेला
तो मावशीनंच मला शिकवला होता,
रोयानोच्या चढावर, मी नऊ वर्षांचा असताना.

गाडी बहात्तरची, गडद निळी.
काचेभोवतीचं रबर केव्हाच रबर राहिलं नव्हतं.
नख लावलं की काळा भुगा,
कोपऱ्यात मात्र तोच जुना वळसा धरून बसलेलं.
सुंभ जळालेला, पीळ तेवढा शिल्लक.

या फटीतूनच बोरा आत यायचा.
त्रिएस्तेत वाऱ्याला नाव आहे,
आणि जानेवारीत तो पठारावरून उतरतो
तेव्हा भल्या भल्या माणसांना
दिव्याच्या खांबाला मिठी मारावी लागते,
अनोळखी बाईला चुकून मारावी तशी, ओशाळून.
गाडीनं साठ ओलांडले की फट शीळ घालायची,
ऐंशीला सूर टिपेला.
आणि त्याच्याही वर मावशी:
सार्डिनचा भाव, नगरपालिकेचा नालायकपणा,
गेलेल्या नवऱ्याचं घोरणं,
सगळं एकाच पट्टीत.
मीही ओरडायचो.
आमच्यातलं एकही बोलणं
हळू आवाजात झालेलं मला आठवत नाही.

म्हणून ठरवलं,
हिला थोडी शांतता बसवून द्यायची.

पट्ट्या तोरिनोहून आल्या, वेटोळं घालून,
टाल्कम पावडरीच्या वासात.
फोनवर उदिनेचा झांपिएरी म्हणाला,
कापायची घाई करू नकोस,
रात्रभर स्वयंपाकघरात पसरून ठेव.
प्रवासात आखडलेलं रबर
आपली खरी लांबी दुसऱ्या दिवशी सांगतं.

दाराच्या पोटात हात घातला कोपरापर्यंत.
पाइनच्या सुया, चिखल,
पाणी जायची भोकं गच्च बुजलेली,
शंभर लिऱ्यांचं एक नाणं, केसांचा एक आकडा,
आणि मुज्जाच्या बोटीचं तिकीट.
दोन माणसांचं.
मावशीनं नाणं घेतलं. आकडा पुसून केसात खोचला.
तिकीट लांब धरून वाचलं, उलटं करून पाहिलं,
म्हणाली, हे होतं तिथंच टाक.
मी टाकलं.

मग साबणाचं पाणी, अंगठे,
कोपऱ्यापासून सुरुवात.
पट्टी इकडून बसली की तिकडून उठायची,
तान्ह्या पोराला मोजे घालावेत तसं
एक पाय आत, दुसरा बाहेर.
दुपारचे तीन वाजले. नखं दुखत होती.
काच वर केली, आणि शेवटच्या बोटभर अंतरात
ती अशी गप्पकन मिटली
की गॅरेजच माझ्यापासून दूर गेल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्यावर मावशी चालवत होती.
साठ. काही नाही.
ऐंशी. काही नाही.
डॅशबोर्डवरच्या घड्याळाची टिकटिक
आयुष्यात पहिल्यांदा ऐकली मी.
बाहेर समुद्र पांढरा झालेला,
मुका सिनेमा.

"ग्रिन्यानोला कॉफी घेऊ!" मावशी ओरडली.

मी म्हणालो, मावशी, हळू, शीळ गेली आता.

"काय गेलं?"

शीळ. खिडकीची.

"कसली शीळ?"

डावा कान तीन वर्षांपूर्वीच गेला होता,
उजवा कामापुरता.
सांगण्यासारखं काय त्यात, म्हणाली.
मग बराच वेळ गप्प. दोन वळणं.
डाव्या मानेवर, कानाच्या खाली,
जिथे आकडा खोचला होता त्याच्याजवळ,
बोट ठेवून म्हणाली,
"इथं वारा लागायचा.
त्यावरून कळायचं किती वेगात आहोत.
काटा दिसायला चष्मा लागतो."

चष्मा ती घालत नाही.

हँडल जड होतं, नवं रबर काच सोडेना.
दोन्ही पाय रोवून, स्टिअरिंग गुडघ्यानं धरून
(मी डोळे मिटले)
तिनं काच खाली घेतली. दोन बोटं.
बोरा आत आला,
एकशे ऐंशी युरोंचं बिल उडून मागच्या सीटवर,
आणि कानात वारं शिरलेल्या वासरासारखी
फुल्विया पुढच्या वळणाकडे.

दोन बोटं.
जुनी फट
त्याच्या पावपटसुद्धा नव्हती.