विसर्ग

पहिल्यांदा झालं तेव्हा रजेचा अर्ज भरत होते.
पडदा निळा झाला, आणि कोपऱ्यात
एक तोंड उगवलं, कुशीवर पडलेलं:
दोन ठिपके, एक कंस.
मला आधी विसर्गच वाटला,
दुःख लिहिताना मधोमध देतो तो.
म्हटलं, बाकीची अक्षरं गाळली असतील.
इथली माणसं तशीही
पूर्ण शब्द कुठे बोलतात.

मग होतच राहिलं.
हॅलिफॅक्सच्या या उतरत्या गल्लीत,
जिथे घरं एकमेकांना रेलून उभी आहेत,
मी वहीत नोंदी ठेवू लागले, वॉर्डात ठेवते तशा.
मंगळवार, नऊ चाळीस. गॅसचं बिल.
शुक्रवार, नऊ पस्तीस. पासपोर्टचा फोटो चढवताना.
शनिवार नाही. रविवार नाही.
मंगळवार, नऊ बेचाळीस. काहीच करत नव्हते,
नुसती बसले होते समोर.
(ही नोंद खोडली. मग परत लिहिली.)

मंगळवार, शुक्रवार. देवीचे वार.
आई असती तर नारळ फोडून मोकळी झाली असती.

लीड्सहून भाचा आला, ओजस.
ड्रायव्हर काढले, घातले. विंडोज नव्याने टाकलं.
पंख्यातून सात वर्षांची धूळ निघाली, बोटभर,
मांजर पाळलं नाही तरी मांजरासारखी.
रात्रभर मेमरीची चाचणी लावली, एका बुधवारी.
सकाळी निकाल: एकही दोष नाही.
डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, तसं.
"नवा घे आत्या," म्हणाला.
मी म्हटलं, शुद्ध हरपली म्हणून
लगेच नवा माणूस आणतो का आपण?

पुढच्या शुक्रवारी हात मांडीवर ठेवून बसले.
चहाचा कप टेबलावर.
साडेनऊ वाजून गेले आणि चहात
बारीक वर्तुळं उठली,
मधून काठाकडे, मधून काठाकडे.
टेबल भिंतीला टेकलेलं.
भिंत गुणगुणत होती.
मग निळं.
"अगं बाई!" मी ओरडले, नेहमीसारखी.

पलीकडे बेरिल राहते. वय चौऱ्याहत्तर.
मंगळवारी आणि शुक्रवारी पोहायला जाते,
रात्री टॉवेल धुते. मशीन पिळायला लागलं
की तिच्याकडच्या फळ्याही थरथरतात म्हणाली.
अकरा वर्षं मध्ये फक्त एक वीट,
आणि ती पोहते हे मला माहीत नव्हतं.
"म्हणजे ती प्रार्थना नव्हती?" तिने विचारलं.
"तू त्या दोन दिवशी मोठ्याने काहीतरी म्हणतेस.
मला वाटलं, तुमच्यात वार ठरलेले असतात."
असतात, मी म्हटलं.
अर्थ मात्र सांगितला नाही.

इचलकरंजीहून सुधन्वा फोनवर हसला.
माझा भाऊ, ओजसचा बाप, रेडिओ दुरुस्त करत म्हातारा झालेला.
"पोराला सांग, आतली पट्टी सैल आहे.
काढ, आणि खोडरबराने दात घास."
पोस्टातून साठ पेन्सचा खोडरबर आणला.
पट्टी करंगळीएवढ्या रुंदीची, सोन्याचे दात,
त्यांवर काळसर थर.
मी घासत बसले, शाळेतला वास आला,
काळ्या शेवया पडल्या मांडीवर.
ज्याचं कामच पुसणं
त्याने घासल्यावर हिला आठवणार म्हणे.
परत बसवली. दोन्ही कानांशी टक, टक.
टेबल वीतभर पुढे ओढलं.

शुक्रवार. नऊ चाळीस.
भिंत गुणगुणते. चहा स्थिर.
पडद्यावर माझा अर्धा अर्ज,
रजेचं कारण: रिकामी चौकट,
आत उघडमीट करणारी उभी रेघ.
वहीत लिहिलं: नाही.

मशीन थांबलं.
एवढी शांतता या घराला सवयीची नव्हती.
मी तिथेच बसून होते, कारण सुचत नव्हतं.
नऊ सत्तेचाळीसला भिंतीवर
पलीकडून बोटाच्या पेराने कुणीतरी
टक, टक.
दोनच. वर एक, खाली एक,
असं उगाच वाटलं.

"अगं बाई," मी भिंतीला म्हटलं,
ऐकू जाईल इतपत.